ठकूआत्याची दगडी

ठकूआत्याच्या एका शेळीचं नाव सुपरवायझर होतं. दूध द्यायची पेलाभर, दुसऱ्यांच्या चाऱ्यात तोंड घालायची आणि हाकललं की मान वर करून जागच्या जागी उभी राहायची, म्हणून. दादा, म्हणजे माझे वडील, तेव्हा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मशीनवर होते. आत्या सकाळी सकाळी अंगणातून ओरडायची, "ए सुपरवायझर, हाल की मेले, काय पगार खात उभी राहिलीस?" दादा आतून म्हणायचे, "आक्का, जरा हळू. शेजारी खरे सुपरवायझर राहत्यात." मग तर ती मुद्दाम आणखी मोठ्यानं ओरडायची.

आत्या दादांची थोरली बहीण. आम्ही मूळचे मेंढरांच्या मागं फिरणारे लोक. आमचं गाव देवगाव रंगारीच्या अलीकडं आणि आत्याचं सासर तिथून कोसभर. तिचा नवरा तरणाच गेला. एक मुलगा, संतू, तो मिसरूड फुटायच्या आत चुलत्याबरोबर मेंढरं राखायला लागला. पुढं दिराशी हिचं पटेना. ही शहरात आमच्याकडं आली. कुणी विचारलं की सांगायची, "मेंढरं दिराला गेली. माझ्या वाटणीला चार बकऱ्या आन् एक भाऊ आला. बकऱ्या बऱ्या निघाल्या." दादांना हे ऐकून हसू यायचं. त्या काळी यायचं.

आमची कॉलनी नवी होती. रेषा मारून ठेवलेले प्लॉट, त्यात वेडी बाभळ, मधेच एखादं प्लास्टर नसलेलं घर, आणि पलीकडं कारखान्यांची तारेची कुंपणं. दर दोन-चार महिन्यांनी एक कुंपण वाढायचं आणि आत्याच्या शेळ्यांची एक वाट बंद व्हायची. एकदा शेळ्या एका कंपनीच्या हिरवळीत घुसल्या. वॉचमननं पकडून ठेवल्या. आत्या गेटवर गेली ती थेट साहेबालाच बोलवा म्हणाली. साहेब आला. ही त्याला म्हणते, "तुमची कंपनी काल-परवा आली. माझ्या सासऱ्याचं मेंढरांचं खांड ह्याच वाटेनं जात व्हतं. तवा तुम्हाला कुणी अडीवलं का?" साहेब बाहेरगावचा, त्याला मराठी अर्धीच कळायची, पण बाईचा आवाज पुरता कळला. त्यानं आठवड्यातून एक दिवस गवत कापून न्यायची परवानगी दिली आणि गेटपास करून दिला. आत्यानं तो पास दोरीत ओवून एका शेळीच्या गळ्यात बांधला. वॉचमननं विचारलं, "हे काय, मावशी?" तर म्हणाली, "आत हिला जायचं हाय. मी भाईरच थांबती."

अशी ही बाई कुणाच्या बापाला भ्यायची नाही. पण अंगाची लाज मात्र इतकी की सांगता सोय नाही. अंघोळ लुगड्यासकट. माझ्या आईसमोरसुद्धा कधी चोळी बदलली नाही. रस्त्यात कुटुंबनियोजनाची पाटी आली की ही मान वळवून दुसरीकडं बघत चालायची. पाटीवर नुसता लाल त्रिकोण असायचा. पण तो कशाचा हे तिला ठाऊक होतं ना, तेवढं बास.

आणि हीच बाई शेळ्या-मेंढ्यांच्या कासेवर बोलायला लागली की थांबायची नाही. शेळी व्याल्यावर कधी कधी तिच्या कासेत दूध साकळतं. कास लाल होते, तापते, दगडासारखी टणक होते. त्याला आमच्यात दगडी म्हणतात. आत्याचा दगडीवर हात होता. मुकुंदवाडीपासून लोक शेळ्या घेऊन यायचे. ती कोरफडीचा गर, हळद आणि जरासा चुना कालवून लेप लावायची, गरम मिठाच्या पाण्यानं शेकायची, आणि सड हळूहळू ओढत राहायची. आधी गाठी यायच्या, मग पिवळं पाणी, आणि शेवटी दुधाची धार लागायची. एवढा वेळ ती शेळीच्या कानात काहीतरी पुटपुटत असायची. आणि शेळीचा मालक पुरुष असला तर आधी त्याला हुकूम, "तिकडं तोंड कर. बाईची जात हाय ती." लोक हसायचे, पण तोंड तिकडं करायचे.

आमच्या समोरच्या घरात मंगल सिस्टर राहायच्या. सरकारी दवाखान्यात नर्स. कमी बोलणाऱ्या, इस्त्रीच्या घड्या कडक. नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही यावर शहर पेटत होतं, विझत होतं, पुन्हा पेटत होतं. भिंती दोन्ही बाजूंच्या घोषणांनी रंगलेल्या. सिस्टर कोणत्या समाजाच्या, हे गल्लीला आधीपासून माहीत होतं. पण गल्लीला त्याची आठवण त्या दिवसांत जरा जास्तच यायला लागली. वाटीभर साखर मागायला जाणाऱ्या बायका जायच्या बंद झाल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांना बोलावणं नसायचं. आत्यालाही नसायचं, ती विधवा म्हणून. मग त्या दिवशी दोघी समोरासमोरच्या पायऱ्यांवर बसलेल्या दिसायच्या. एक तांदूळ निवडत, एक मिश्री लावत. गल्लीतून बायका नटून-थटून जायच्या. आत्या त्यांच्याकडं बघून सिस्टरना म्हणायची, "बग, सगळ्या सुपरवायझर निघाल्या."

सिस्टरच्या लहान मुलाला आत्याचं शेळीचं दूध जायचं. ती रोज नेऊन द्यायची. आणि सिस्टर रोज म्हणायच्या, "ठकूबाई, चहा घेऊन जा." आत्या रोज म्हणायची, "आत्ताच पिऊन आले बाई." ती पिऊन आलेली नसायची. आमच्याकडं चहा तिच्या परतण्याची वाट बघत स्टोव्हवर असायचा. खोटं बोलताना तिला पदराचं टोक दातात धरायची सवय होती. आमच्या घरात या गोष्टीवर कुणी काही बोलत नव्हतं, कारण आमच्यापैकी कुणीच तिथं चहा पीत नव्हतं. ही लाजच आहे. ती आमच्या घरात इतकी मुरलेली होती की तिला वास येत नव्हता.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. पोळा होऊन गेला आणि आत्या जरा गप्प झाली. डावा हात अंगाजवळ धरून चालायला लागली. धार काढताना मधेच थांबायची. आईनं विचारलं तर, "उसण भरली." पदर दातात. आई कामात, दादा ओव्हरटाइममध्ये, मी माझ्या प्रॅक्टिकलमध्ये. महिना-दीड महिना असाच गेला.

आत्यानं मनात निदान करून ठेवलं होतं. छाती लाल झालेली, तापलेली, टणक. उभ्या जन्मात तिनं हजार कासा बघितल्या होत्या. ही दगडीच. मग औषध काय, ते तिच्याइतकं कुणाला माहीत? शेळ्यांच्या गोठ्यात, पोत्याच्या पडद्याआड, ती स्वतःच्या छातीला कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप लावत होती आणि मिठाच्या पाण्यानं शेकत होती. उतरेल आज, उतरेल उद्या. आणि सांगायचं तरी कुणाला? पन्नाशीकडं आलेल्या विधवेच्या छातीत दूध साकळलं, असं कुठल्या तोंडानं सांगायचं? दूध कशानं येतं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

माझ्या आईलाही माहीत होतं. एके दिवशी तिला आत्याची चोळी डाव्या बाजूला ओली दिसली. ती ओल कोरफडीची होती. आईनं ती दुसरीच समजली. संध्याकाळी दादा कामावरून आले, हातपाय धुतले, आणि आई त्यांच्या कानाशी लागली. मी स्टोव्हपाशी भाकऱ्या करत होते. दादांचा चेहरा बघितला आणि भाकरी तव्यावर तशीच राहिली.

आत्या आत आली. दादांनी विचारलं, "आक्का, कुणाचं हाय?"

"काय कुणाचं?"

"मला समजत नाय व्हय? घरात लग्नाची पोरगी हाय."

तिला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग आईकडं. आई खाली बघत होती. आत्या एवढंच म्हणाली, "गण्या, तू इचारलंस?" आणि शेळ्यांकडं निघून गेली.

एका वाक्यात मिटणारी गोष्ट होती. तिची पाळी जाऊन वर्षं झाली होती. पण हे वाक्य बाईनं धाकट्या भावापुढं बोलायचं कसं? ज्या बाईला लाल त्रिकोणाकडं बघवत नव्हतं, तिनं? तिला मरण सोपं होतं. आणि दादांनी एवढं विचारलं, पण दुखतंय का, हे नाही विचारलं. आमच्यापैकी कुणीच नाही विचारलं.

दुसऱ्या दिवशी दादा रजा टाकून एसटीनं आत्याच्या सासरी गेले. तिथं काय झालं ते आम्हाला पुढं चार-दोन दिवसांत गावाकडच्या एका माणसाकडून कळलं. पारावर माणसं बसलेली होती. दीर होता, संतू होता. दादा सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमची बाई घेऊन जा. माझ्या घरात लग्नाची पोरगी हाय. मला हे झेपायचं नाय." याच्यापुढं काही बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती. पारावरच्या माणसांना एवढं पुरतं.

दादा रात्री उशिरा परतले. सकाळी चहाच्या आधीच ते आत्याला म्हणाले, "येतील न्यायला."

"कोण?" आत्यानं विचारलं.

"संतू."

"त्याला काय सांगितलंस?"

दादा पाणी प्यायला आत गेले. आत्या उंबऱ्यावर तशीच बसून राहिली. मग उठली, माझा हात धरला आणि म्हणाली, "चल गं सुमे. आता झाकून काय राखायचं?" आणि मला घेऊन ती गल्ली ओलांडून मंगल सिस्टरच्या दारात गेली. तिथं दुधाचा गडू न घेता ती पहिल्यांदाच उभी होती.

मला दाराशी बसवून दोघी पडद्याआड गेल्या. मला सगळं ऐकू येत होतं.

"दगडी हाय," आत्या सांगत होती. "शेक दिला, लेप दिला. उतरंना."

"ठकूबाई, शेळीला पिल्लू असतं म्हणून दगडी होते. तुम्हाला कशी होईल?"

"तेच तर माझा भाऊ इचारतोय."

मग पडदा सरकला. सिस्टरनी मला आत बोलावलं. आत्यानं डोळे घट्ट मिटून घेतले होते. सिस्टर म्हणाल्या, "तू सायन्सची ना? मग बघ. नीट बघ." आत्याची छाती एका बाजूनं लालजांभळी झाली होती आणि फुगली होती. गाठ अशी कुठंच नाही. पण कातडीवर सगळीकडं बारीक बारीक खळगे पडले होते. मोसंबीच्या सालीला असतात तसे. आमच्याकडं मोसंबीला काय तोटा? तेव्हापासून मी मोसंबी सोलत नाही.

"समोर राहते मी," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण कडक होता. "रोज दूध घालायला येता. आधी का नाही दाखवलंत?"

"कोणत्या तोंडानं दाखवू? तुझ्या चहाला नाय म्हणायला रोज खोटं बोलले."

"ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. खोटं बोलताना पदर चावता तुम्ही. मला राग होता तुमचा. अजून आहे. ते आपण नंतर बघू."

"आज दे चहा."

"आज नाही मिळणार. उपाशीपोटी रक्त द्यायचंय. उठा, दवाखान्यात चला."

चहा तिनं नंतर प्यायला. पुढच्या आठवड्यात, बशीत ओतून, पायरीवर बसून. सिस्टरनी काही विचारलं नाही आणि आत्यानं काही सांगितलं नाही.

दवाखान्यात कातडीचा एक तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टच्या दिवशी घरातला पुरुषमाणूस हवा म्हणून दादांना यावं लागलं. डॉक्टर तरुण होते. सिस्टर ड्यूटीच्या कपड्यात शेजारी उभ्या. डॉक्टरांनी सांगितलं की हा कॅन्सर आहे. नेहमीसारखा गाठ करून बसणारा नाही, कातडीतून पसरणारा, आणि फार जोराचा. सूज आल्यासारखा दिसतो, म्हणून भले भले फसतात.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "डागदर, ह्याला बाप लागतो का?"

"म्हणजे?"

सिस्टरनी सरळ आवाजात सांगितलं, "विचारतायत, की हा आजार पोट राहिल्यामुळं होतो का."

"छे हो. कुणी सांगितलं?"

आत्यानं दादांकडं बोट केलं. "ह्याला सांगा. जरा मोठ्यानं सांगा."

डॉक्टरांनी दादांना सांगितलं. दादा कंपनीची टोपी हातात घेऊन जमिनीकडं बघत होते. मी त्यांच्या शेजारी उभी होते. दवाखान्याची फरशी फाटून मला आत घेईल तर बरं, असं वाटत होतं. माझ्याच लग्नाचं नाव पुढं करून ते पारावर बोलले होते.

आणि आत्या? आत्या त्या दिवशी कधी नव्हे इतकं पोटभर जेवली. आई रडत होती तर हीच तिला समजावत होती, "रडतीस कामून? कॅन्सर हाय, पाप नाय." कॅन्सर झाला म्हणून जिवावरचं ओझं उतरलेलं माणूस मी तेवढं एकच बघितलं. आमच्या घरानं त्या बाईला कुठं नेऊन ठेवलं होतं, ते त्या दिवशी मला कळलं.

आज मी याच शहरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. छातीच्या कॅन्सरचे तुकडे आमच्याकडं येतात. आम्ही त्याचे कागदाहून पातळ काप काढतो, काचेवर चढवतो आणि मार्कर बघतो. मार्कर म्हणजे पेशीवरची खूण. तपकिरी रंग धरला तर खूण आहे, नाही धरला तर नाही. मुख्य खुणा तीन. दोन संप्रेरकांच्या, तिसरी हर-टू नावाची. संप्रेरकांच्या खुणा असल्या तर रोज एक गोळी कामाला येते. हर-टूची खूण पूर्वी जोराच्या कॅन्सरची म्हणून भीती घालायची, आता तिच्यावर नेमकं औषध निघालंय. तिन्ही नाहीत असा रिपोर्ट गेला की डॉक्टर तो कागद जरा वेळ तसाच धरून बसतात. आत्याला होता तसला, सूज होऊन येणारा, यातल्या कुठल्याही जातीचा असू शकतो. कॅन्सरच्या पेशी कातडीखालच्या बारीक वाहिन्या तुंबवतात, म्हणून ती लाली आणि म्हणून ती मोसंबीची साल. म्हणजे आत कुठंतरी काहीतरी साकळलंय, हे आत्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. तिचा कुठल्या जातीचा होता ते मला कधी कळणार नाही. त्या वेळी आमच्याकडं या खुणा बघायची सोय नव्हती. आणि बघितल्या असत्या तरी गेलेले दोन महिने कुठल्या औषधानं परत आले असते?

उपचार सुरू झाले. सलाइनमधून लाल औषध जायचं. केस गेले. ती डोक्याला घट्ट फडकं बांधायची आणि शेळ्यांना म्हणायची, "बघता काय, माझी बी लोकर कातरली." शेळ्यांची उस्तवार माझ्याकडं आली. सुपरवायझरनं मला दोनदा पाडलं.

दादा पैशाला आणि धावपळीला कमी पडले नाहीत, हे खरं आहे, ते मी लपवणार नाही. पण घरात त्यांचा हुकूम होता, कॅन्सर हा शब्द बाहेर जाता कामा नये. माझी स्थळं बघणं चाललं होतं. आत्याला तो झाला म्हणजे भाचीलाही होणार, असं लोक धरून चालायचे. गल्लीत सांगितलं, पोटाचा आजार आहे. देवगावकडचं कुणी भेटलं तर तेच. आत्याला हे सहन होत नव्हतं. तिला तर तो शब्द गावभर सांगायचा होता. ती दर आठवड्याला एकच विचारायची, "गण्या, गेला व्हतास का गावाला? संतूला सांगितलंस?"

"सुट्टी नाय मिळाली, आक्का."

पुढच्या आठवड्यात शहर बंद, एसटी बंद. त्याच्या पुढच्या आठवड्यात ओव्हरटाइम. बंद असला की एसटी नसायची आणि एसटी असली की शिफ्ट असायची. एकदा आत्या म्हणाली, "नामांतर व्हईल, पर तुझं जाणं व्हायचं नाय." दादा हसले. ती हसली नाही.

मी म्हटलं, आत्या, मी जाते, मी सांगते. तिनं मान हलवली. "तू सांगून काय उपेग? तुझ्यावर कोण इस्वास ठिवील? पारावर तो बोलला. त्याच तोंडानं माघारी घ्यायला पायजे."

होळीनंतर छातीची कातडी फुटली. डॉक्टरांनी सिस्टरना बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या. आत्याला ते न सांगताच कळलं. म्हणाली, मला माझ्या घरी जायचंय, सासरी. मग दादांनी एकदाचा निरोप पाठवला, "आई सिरियस आहे."

संतू कन्नडहून भाड्याची जीप घेऊन आला. तो उंबऱ्याच्या आत येईना. बाहेरच उभा, फेटा डोळ्यांवर ओढलेला. इतक्या महिन्यांत तो एकदाही आला नव्हता. आत्या भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "गण्या, सांग त्याला."

दादांनी सुरुवात केली. "संतू, तुझ्या आईला..." आणि थांबले. पुन्हा म्हणाले, "तुझ्या आईच्या हितं..." हात स्वतःच्या शर्टाच्या खिशाशी नेला आणि खाली सोडला. पारावर इतकं बोलून आलेल्या माणसाला भाच्यापुढं छाती हा शब्द उच्चारता येईना.

शेवटी आत्याच म्हणाली, "आरं लेका, दगडी झाली. पिल्लावाचून झाली. कॅन्सर म्हणत्यात तिला."

संतू धनगराचा पोर. त्यानं मान वर करून आईकडं बघितलं. तिचं डोकं बघितलं, सुजलेला हात बघितला. "उतरली नाय?"

"नाय उतरली."

तो तिथंच दारात खाली बसला आणि गुडघ्यांत तोंड घातलं. जरा वेळानं दादांकडं न बघता म्हणाला, "मामा, तुमी पारावर बोलला तवा मी मान घालून उठलो. आजून गावात मान वर करता येत नाय. मला म्हाईत झालं, बरं झालं. पर त्या माणसांना कोण सांगणार?"

दादा आत्याच्या पायाशी वाकले. तिनं पाय आखडून घेतले. "हितं नको, गण्या. चार माणसांत बोललास. पाया पडायचं तर तिथं पड. चल माझ्यासंगं."

पुढं सांगायचं तर, चार दिवसांत ती गेली. दहाव्याला दादा पारावर उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं, कॅन्सर हा शब्दही उच्चारला. माणसांनी ऐकून घेतलं. संतू मधेच उठून मेंढरांना पाणी पाजायला गेला. माझं लग्न पुढं यथावकाश झालं. नवऱ्याकडच्या कुणी आत्याबद्दल एक शब्द विचारला नाही.

पण मला आत्या आठवते ती त्या जीपमधली. संतूनं तिला उचलून मागच्या सीटवर बसवलं. पायाशी शेळ्या कोंबल्या होत्या. मंगल सिस्टर ड्यूटीवर जाता जाता थांबल्या होत्या, त्यांनी तिच्या हाताखाली उशी दिली. आत्या मोठ्या कष्टानं खिडकीकडं सरकली. शेजारी एका माणसाची जागा केली. त्या जागेवर तिनं तळहात टेकवला आणि म्हणाली, "ये गण्या. बस."

दादांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. "आक्का, आज सेकंड शिफ्ट हाय. रविवारी येतो. नक्की येतो."

त्या आठवड्यात दादांची फर्स्ट शिफ्ट होती. ते तासाभरापूर्वीच कामावरून आले होते आणि त्यांचा डबा धुऊन मोरीवर पालथा घातलेला होता. ते मला माहीत होतं, आईला माहीत होतं, आणि आत्यालाही माहीत होतं.

"बरं," ती म्हणाली.

जीप निघाली. गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मला मागच्या काचेतून दिसत होतं. तिनं त्या जागेवरचा हात काढला नव्हता.